आत्याने विचारायला सांगितलं होतं

आमच्या घरात प्रभूचं काम इतकं चालायचं की खुद्द प्रभूला टेकायला जागा उरत नसे. हे वाक्य आईचं. ती ते बाबांच्या पाठीमागे, चुलीकडे तोंड करून म्हणायची, आणि मग स्वतःच घाबरून ‘क्षमा कर रे प्रभू मला’ असं काहीतरी पुटपुटायची. बाबा रत्नागिरीतल्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते. आमचं घर चर्चच्या आवारातच होतं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, पुढे पडवी, मागे विहीर, आणि या दोहोंच्या मध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं. बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी गायनाची तालीम, शनिवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, रविवारी तर विचारायलाच नको. दवाखान्यात कुणाचा माणूस ठेवलेला असला की त्याचे नातेवाईक वळकट्या घेऊन आमच्याकडे उतरत. गावोगाव फिरणारे प्रचारक येत. पडवीत हार्मोनियमचा भाता सुस्कारत असायचा, स्वयंपाकघरात पाटा वाजत असायचा, मिरकरवाड्याहून आलेली मासेवाली दारात बसून बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात आईला बांगड्यांचा भाव सांगत असायची, कारण बाबा ऐकतील तर घासाघीस न करता घेऊन टाकतील हे तिलाही ठाऊक होतं आणि त्याचं तिलाच वाईट वाटायचं. भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. पाहुणे वाढले की तिखलं पातळ होई आणि सोलकढी फिकी. कुणी उपाशी उठल्याचं मला आठवत नाही.

अशा घरात बाबांनी एकांताचा नियम घातला होता. रोज पहाटे साडेपाचला ते संडे स्कूलची पितळी घंटा घेऊन पडवीत उभे राहायचे आणि तीन टोले द्यायचे. तिथून सहापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. ज्याने त्याने आपापल्या ठरलेल्या जागी एकट्याने बसायचं, पवित्र शास्त्र वाचायचं, आणि देव काय म्हणतो ते ऐकायचं. बाबा चर्चमागच्या खोलीत बसत. माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण लीला, ड्युटी नसेल त्या एखाद्या पहाटे विहिरीजवळच्या पायरीवर बसे. मला कोठीची खोली दिलेली होती. आईला नेमून दिलेली जागा स्वयंपाकघर, आणि तिथे साडेपाचला दूधवाला येई. दूध घ्यायचं तर बोलावं लागतं. दूध घेतलं की ते तापवायचं, तापवलं की पडवीतले पाहुणे जागे झालेले दिसत, मग चहा. तीन टोल्यांनंतर दहाव्या मिनिटाला आईच्या बांगड्यांचा आणि कपबश्यांचा आवाज सुरू होई, आणि बाबा आतून येऊन स्वयंपाकघराचं दार हलकेच ओढून घेत. रागावत नसत. दार तेवढं लावून घेत.

माझ्या कोठीविषयी आता सांगायलाच हवं. एप्रिल-मे महिन्यात तिथे आंब्याची अढी असायची. मंडळीतल्या एकांची भाट्याच्या बाजूला बाग होती, ते दर वर्षी आंबे पाठवत, आणि आई ते पेंढ्यावर थर लावून पिकत घालायची. त्या उबदार, गोड वासात गुडघे टेकून बसलं की पहिल्या पाच मिनिटांत माझी नजर पेंढ्याकडे जायची. वरचा थर अजून हिरवा असे, पण हात आत घातला की खाली एखादा मऊ लागे. मी तो देठाकडून चोखायची आणि साल, बाठा मागच्या खिडकीतून शेजारच्या आवारात टाकून द्यायची. आंबे कमी होतायत हे आईच्या लक्षात आलं तेव्हा तिने घुशीसाठी सापळा लावला. मी तोही जपून ओलांडायला शिकले. आंब्यांचे दिवस नसले की तांदळाच्या पोत्यांवर झोपायचं किंवा मैत्रिणीकडून आणलेल्या मासिकातली क्रमशः कादंबरी वाचायची. दार आतून लावलेलं असे, आणि एकांतात बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही हा घराचा कायदा. सोळा वर्षांच्या मुलीला याहून जास्त काय हवं होतं? बाहेर आई एकटी राबत होती, आणि मी देवाच्या नावावर अंग चोरत होते. एवढं स्पष्ट त्या वेळी मी स्वतःशी कधी म्हटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहावं.

हे खपून गेलं असतं, पण बाबांनी चर्चच्या तरुण संघात मननाची वही सुरू केली होती. खाकी कागदाचं वेष्टण घातलेली शंभर पानी वही. डाव्या पानावर त्या दिवशीचं बायबलमधलं वचन, उजव्या पानावर मथळा, ‘आज प्रभू मला काय म्हणाला’, आणि त्याखाली पाच-सहा ओळी. दर रविवारी उपासनेनंतर प्रत्येकाने आपल्या आठवड्यातलं एक पान उभं राहून वाचायचं. बाकीची मुलं लिहायची, ‘प्रभू म्हणाला खोटे बोलू नको’, ‘प्रभू म्हणाला अभ्यास कर’. बिचारी खरोखर बसत असतील, म्हणून तर त्यांच्याकडे एवढंच असायचं. माझ्याकडे भरपूर असायचं. शनिवारी दुपारी जेवणं उरकून घर जरा सुस्तावलं की मी सातही दिवसांची पानं एका बैठकीत लिहून काढायची. सोमवारला निळं पेन, मंगळवारला काळं. एखाद्या पानावर अक्षर मुद्दाम घाईचं काढायचं. आठवड्यातून एकदा ‘आज मन लागले नाही, प्रभू, मला क्षमा कर’ असं लिहायचं, त्याने बाकीची सहा पानं खरी वाटतात. एकदा तर मी बोट पाण्यात बुडवून एका शब्दावर थेंब पाडला आणि शाई पसरेपर्यंत वाट पाहिली. त्या रविवारी माझं पान ऐकून महिला मंडळाच्या दोघींनी डोळे पुसले. घरी जाताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मला काही टोचलं का, हे आठवून पाहते. खरं सांगायचं तर मला छान वाटलं होतं.

माझं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाचून धक्का बसेल. गेली पंचवीस-तीस वर्षं मी गावोगावच्या मंडळ्यांमध्ये बायकांची शिबिरं घेत आले आहे, आणि माझा ठरलेला विषय म्हणजे धकाधकीच्या ख्रिस्ती जीवनात देवाबरोबर एकांत कसा साधावा. नोकरी, मुलं, मंडळीची कामं, सगळं सांभाळून सकाळचा अर्धा तास कसा राखून ठेवायचा, फोन दुसऱ्या खोलीत कसा ठेवायचा, वही कशी लिहायची. बायका मन लावून टिपून घेतात. मी बरं बोलते. बोलण्याची तयारी कोठीतच झाली होती.

आता आत्याविषयी. लीलाआत्या तेव्हा चौतिशीची असेल. दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे घराबाहेर सगळे तिला सिस्टर म्हणत. उंच, सावळी, चालणं झपझप. ड्युटीवरून आली की आधी विहिरीवर पाय धुवायची, मग पदर खोचून आईच्या बरोबरीने कामाला लागायची. संध्याकाळच्या भाकऱ्या तिच्याच. पाहुण्यांची अंथरुणं घालणं, काढणं, आजारी माणसाला पेज भरवणं, हे सगळं ती करायची म्हणून मला करावं लागत नसे. मी तिच्याच खोलीत, तिच्याच शेजारी झोपायची. माझ्या केसांतला गुंता तिच्याइतक्या हलक्या हाताने कुणी सोडवला नाही. तिचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं हे घरात कुणी बोलत नसे. आधी आजीचं आजारपण, मग दादाचा, म्हणजे बाबांचा, संसार, मग दवाखाना, असं करत करत राहिलं असावं.

त्या उन्हाळ्यात देवरूखचे यशवंत मास्तर आमच्याकडे येऊ लागले. शाळेत शिकवायचे, बायको वारून तीन वर्षं झाली होती, चार-पाच वर्षांची एक मुलगी होती. आधी ते मुलीचा कान दाखवायला दवाखान्यात आले, आणि मुक्काम अर्थातच आमच्याकडे. नंतर कान बरा झाला तरी दर पंधरा दिवसांनी रविवारच्या उपासनेला एसटीने येत राहिले. पिशवीत ओले काजूगर आणायचे आणि आईच्या हातात देताना काहीतरी चूक केल्यासारखे उभे राहायचे. मला ते आवडत नसत. त्यांच्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. ते आले की आत्या त्या मुलीची वेणी घालायला बसायची, आणि मी पाहत उभी राहायची.

एका सोमवारी आत्या सकाळची ड्युटी संपवून आली. मी विहिरीवर होते. तिने पाय पुढे केले आणि मी पोहऱ्याने पाणी ओतलं. ती बराच वेळ टाचा घासत राहिली.

‘दीना, एक काम करशील माझं?’

‘काय गो आत्या?’

‘यशवंत मास्तरांनी दादाला विचारलंय. माझ्याबद्दल.’ तिने इकडेतिकडे पाहिलं. पडवीत पाहुणे बसले होते. ‘येत्या रविवारी सांगायचंय हो किंवा नाही. दादा म्हणतो, प्रभूला विचार आणि तो सांगेल तसं कर. मी कुठे बसू विचारायला? एक पाय वॉर्डात, एक घरात. तू रोज बसत्येस. तुला तो सांगतो, मी ऐकत्ये ना दर रविवारी. माझ्यासाठी तू विचार.’

‘मी?’

‘मग आणखी कोणाला सांगू? वहिनीला कधी वेळ मिळायचा? आणि दादाला विचारलं तर तो आधी माझ्या तोंडाकडे बघेल. तू लहान आहेस, तुझ्या मनात काही नाही. जे येईल ते लिही, मी वाचेन. जे असेल ते.’

मी हो म्हटलं. म्हणताना मला खरोखर वाटलं होतं की मी विचारीन. इतकी मोठी गोष्ट माझ्यावर सोपवली याचा अभिमानही वाटला. मंगळवारी घंटा झाली तशी मी कोठीत गेले, गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि पोत्याला टेकून झोपले ती सहाच्या टोल्याला उठले. बुधवारी पेंढ्याखाली तीन आंबे एकदम तयार झालेले सापडले. गुरुवारी कादंबरीतली नायिका दवाखान्यात होती. शुक्रवारी मात्र मला आत्याची आठवण झाली, बसल्या बसल्या नीट झाली, आणि मी प्रार्थना करण्याऐवजी हिशेब करू लागले की आत्या देवरूखला गेली तर भाकऱ्या कोण करणार, अंथरुणं कोण घालणार, खोलीत मी एकटीच झोपणार का. आणि ती रोज त्या मुलीची वेणी घालणार. शनिवारी सकाळी मी बसलेच नाही. दार लावून घेतलं आणि खिडकीतून शेजारच्यांची कोंबडी बघत राहिले.

शनिवारी दुपारी वही उघडली. आठवड्याची बाकी पानं भराभर झाली. आत्याचं पान मी बुधवारचं करायचं ठरवलं, म्हणजे ते घाईगडबडीत शेवटी लिहिल्यासारखं दिसायचं नाही. थांबण्याविषयीचं एक वचन शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, त्या कामात माझा हात बसलेला होता. उजव्या पानावर मी लिहिलं, ‘मी लीलाआत्यासाठी विचारले. बराच वेळ शांतता होती. मग प्रभू म्हणाला, तिला सांग, मी तिला जिथे ठेवले आहे तिथेच तिची गरज आहे. तिने थांबावे.’ ‘बराच वेळ शांतता होती’ हे वाक्य लिहिल्यावर मी पेन थांबवून ते पुन्हा वाचलं. चांगलं जमलं होतं.

उन्हं उतरल्यावर आत्याने वही मागितली. मागच्या पायरीवर बसून तिने ते पान वाचलं. मी तिच्या मागे दाराला टेकून उभी होते, मला तिची मान आणि कानामागचे पांढरे झालेले दोन केस दिसत होते. लहानसं पान होतं, पण तिला वाचायला फार वेळ लागला.

‘असंच म्हणाला?’ तिने वळून न पाहता विचारलं.

‘हो.’

‘थांबावं असं?’

त्या दुसऱ्या प्रश्नाला मी खरं बोलू शकले असते. मला रडू आलं असतं, बाबांनी वही काढून घेतली असती, मार बसला असता किंवा नसताही. फार तर आठवडाभराची नाचक्की झाली असती. मी तेव्हा घाबरले होते असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण मी घाबरले नव्हते. मला फक्त पकडलं जायचं नव्हतं, आणि आत्या जायला नको होती.

‘हो, थांबावं असंच,’ मी म्हटलं.

‘बरं,’ आत्या म्हणाली. तिने वही मिटली, माझ्या हातात दिली, आणि भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी यशवंत मास्तर कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलीला पिवळा फ्रॉक होता. उपासना झाल्यावर बाबा त्यांना चर्चमागच्या खोलीत घेऊन गेले, आणि बाहेर आले तेव्हा मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या होत्या, एवढाच फरक मला दिसला. जेवायला थांबायला ते नको म्हणत होते, आईने ऐकलं नाही. त्या दिवशी सौंदाळे मासे होते, आईने कधी नव्हे ते खोबरं सढळ हाताने घातलं होतं. मास्तर खाली मान घालून जेवले. मुलगी जेवता जेवता पेंगायला लागली आणि आत्याच्या मांडीवर कलंडली. आत्याने तिला उचलून अंथरुणावर ठेवलं नाही. तिने आपलं ताट तसंच राहू दिलं, डाव्या हाताने मुलीचं डोकं धरून ठेवलं, आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तशीच बसून राहिली. तीनच्या एसटीला मुलीला झोपेतच उचलून न्यावं लागलं. निघताना मास्तर आत्याला म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही प्रभूला विचारलंत, एवढं पुष्कळ झालं. नाहीतर लोक विचारतही नाहीत.’ मी तिथेच होते, पडवीच्या खांबाला धरून. मला वाटलं जमीन फाटावी.

पुढच्या रविवारी बाबांनी मला तरुण संघात तेच पान वाचायला लावलं, आत्याचं नाव गाळून. मी वाचलं. त्या वर्षी मननाच्या वहीचं पहिलं बक्षीस मला मिळालं, आणि जिल्ह्याच्या मेळाव्यात साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, माझी निवड झाली. तिथून माझं बोलणं सुरू झालं, ते आजपर्यंत चालू आहे. मास्तरांनी वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं आणि बदली मागून घेतली. माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. आत्या राहिली. बाबांचा पक्षाघात तिने काढला, आईचं शेवटचं दुखणं तिने काढलं. मी सणासुदीला जायची, शिबिरं असली की तेही नाही. तिने कधी तक्रार केली नाही. मंडळीत तिच्याविषयी सगळे आदराने म्हणत, सिस्टरनी स्वतःला प्रभूच्या इच्छेला वाहून घेतलं. हे वाक्य मी स्वतःही एका शिबिरात, उदाहरण म्हणून, नाव न घेता सांगितलं आहे.

गेल्या वर्षी एका शिबिरात शेवटचं सत्र झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. नर्सच होती. दोन लहान मुलं, नवरा परगावी, रात्रपाळ्या. डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, ‘ताई, मला काही केल्या एकांत मिळत नाही. तुमचं आणि प्रभूचं रोजचं बोलणं आहे. घर सोडून माहेरी जावं का, एवढं माझ्यासाठी तुम्ही विचाराल?’ माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचललाही होता. तो हात तसाच खाली आला. मी तिला म्हटलं की मी तुझ्यासाठी कुणाला काही विचारण्याच्या लायकीची नाही. तिला वाटलं मी विनयाने बोलतेय. तिने उलट माझे पाय धरले.

त्याच आठवड्यात मी रत्नागिरीची गाडी पकडली. आत्या आता त्र्याऐंशीची आहे. चर्चजवळच्या एका चाळवजा इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते, स्वतःचं स्वतः करते, फक्त भाजी चिरून द्यायला एक बाई येते. मी स्टेशनवरून रिक्षाने पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तिने घावन घातले, चहा केला, मला काही करू दिलं नाही. खाणं झाल्यावर मी ताटली बाजूला सारली आणि सांगितलं. वही, शनिवारची दुपार, निळं पेन, काळं पेन, सगळं. तिला आता नीट ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलत होते, आणि ती गोष्ट मोठ्याने बोलणं फार वाईट होतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही ऐकू गेली असेल.

माझं बोलून झाल्यावर तिने खिडकीकडे पाहिलं. मग विचारलं, ‘मग त्या अर्ध्या तासात करायचीस काय?’

‘आंबे खायची. झोपायची.’

‘रोज?’

‘रोज.’

‘आणि माझं नाव? ते तरी घेतलंस का त्याच्यापुढे, त्या आठवड्यात?’

‘नाही आत्या.’

‘एकदाही नाही?’

‘एकदाही नाही.’

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा म्हणेल जाऊ दे गो, झालं ते झालं. येताना गाडीत मी या तिन्हींची तयारी केली होती. ती खुर्चीत सरळ झाली आणि तिने पदर डोक्यावरून घेतला.

‘मग आता घे,’ ती म्हणाली.

‘आता काय विचारू? मास्तर वारूनसुद्धा किती वर्षं झाली.’

‘मी सांगितलेलं ते विचार. मी सांगितलं होतं, तू केलं नाहीस, ते आता कर. मी बसत्ये इथे.’

तिने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी खाली जमिनीवर, तिच्या पायांशी गुडघे टेकले. सवयीने आधी शिबिरातली वाक्यं आली, रांगेने आली, एकामागून एक. मी ती परत पाठवली. मग म्हणायला फक्त एवढंच उरलं की लीलाआत्याने विचारायला सांगितलं होतं, यशवंत मास्तरांना हो म्हणावं का. तेवढं मी मनातल्या मनात म्हटलं आणि गप्प राहिले. बाहेर रिक्षा जात होत्या. वर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. गुडघे दुखू लागले. इतका वेळ, नंतर लोकांना काय सांगायचं याचा विचार न करता, मी जन्मात कधी बसले नव्हते. मला फार लाज वाटत होती, आणि तिथून उठून जायला जागा नव्हती.

बऱ्याच वेळाने वरून आत्याचा आवाज आला. ‘काय म्हणाला?’

जिभेवर एक वाक्य आलंच. चांगलं होतं, तिला बरं वाटलं असतं.

‘काही नाही, आत्या,’ मी म्हटलं. ‘मला काहीच ऐकू आलं नाही.’

तिने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘मलाही कधी आलं नाही,’ ती म्हणाली. ‘तुला म्हटलं होतं ना, मला बसायला वेळ नाही? ते खोटं होतं. रोज बसायची मी. दुपारी दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीत, दार लावून. मास्तरांचंसुद्धा विचारलं, किती दिवस विचारलं. तो चकार शब्द बोलायचा नाही. आणि रविवारी तू उभी राहून वाचायचीस, आज मला हे म्हणाला, काल ते म्हणाला. मला वाटायचं, या पोरीशी इतकं बोलतो आणि माझ्याशी नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार.’

तिने माझा हात धरून मला उठवायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर थांबली.

‘आजपर्यंत तसंच वाटत होतं गो मला.’